सोबत आणि कैफियत : विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या शिक्षणाविषयी प्रस्तावना

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना अडचणीत सापडलेल्या आपल्या सहाध्यायाला धीर देण्याचे आणि त्याची बाजू योग्य ठिकाणी मांडण्याचे काम स्वेच्छेने पत्करावेसे वाटते, त्यांच्यासाठी ही पुस्तिका सिद्ध झाली आहे. आणि तिला प्रस्तावना लिहावयास बसताना एका शंकेचा परामर्श प्रथम घेणे मला अगत्याचे वाटते. ज्यांचे स्वतःचे वय अठरा-वीस वर्षांचे, ज्यांच्या स्वतःच्या परीक्षा, नोकऱ्या आणि घरचे प्रश्न अद्याप अधांतरी, अशा मुलांवर परक्याच्या दुःखाचा भार टाकावा काय, ही ती शंका. ती रास्त आहे, आणि जे पालक वा प्राध्यापक ती उपस्थित करतात त्यांच्या मनात मुलांविषयीची काळजीच असते. परंतु हा भार आपण टाकण्याची वाट न पाहता केव्हाच त्यांच्यावर येऊन पडलेला आहे, ही गोष्ट या मंडळींच्या ध्यानात येत नाही. डोंगरातल्या वाडीवरून पहाटेच्या गाडीने निघून महाडला पोहोचणारी मुलगी घरात ठरू घातलेल्या लग्नाची गोष्ट वर्गशिक्षकांना सांगत नाही. ती एसटीच्या बाकावर शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगते. वसतिगृहातला मुलगा सलग दुसऱ्यांदा केटी लागल्याचे घरी कळवत नाही. रात्री दिवा मालवल्यावर खोलीतल्या सोबत्याला तो म्हणतो की आता जगून काय करायचे. ऐकणाऱ्याने काय करावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. म्हणून तो “टेन्शन घेऊ नको रे” असे म्हणून कूस बदलतो, आणि पुढे काही विपरीत घडलेच तर ते वाक्य जन्मभर त्याचे काळीज कुरतडीत राहते. म्हणजे मुलांनी हे काम करावे की नाही, हा प्रश्न आपल्या हातात उरलेलाच नाही. ते त्यांनी अडाणीपणे करावे की समजून-उमजून करावे, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.

हा मुलूख कसा आहे, ते बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगितले पाहिजे. सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी, सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले हे दोन तालुके आहेत. एका बाजूला रायगड, दुसऱ्या बाजूला वरंध आणि आंबेनळी हे घाट, मध्ये भातखाचरे आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. येथला पाऊस कवितेत शोभतो तितका प्रत्यक्षात सोसवत नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनांसह वाहून गेला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, आणि २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातली पाच मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली बसून १६ माणसे दगावली. त्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर उतरला. तेथे ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

अशा प्रत्येक प्रसंगी मदतीला माणसे धावून आली, आणि त्यांच्याविषयी कृतज्ञतेवाचून दुसरा शब्द काढणे पाप होईल. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून तरुण आले, घराघरांतला चिखल उपसला, दुकानांतला कुजलेला माल बाहेर काढला, शिधा वाटला. तथापि आठ-पंधरा दिवसांनी ही पथके परतली, वर्तमानपत्रांचे वार्ताहर त्याहूनही लवकर परतले, आणि मागे राहिला तो पुढच्या जूनमध्ये आभाळ भरून आले की वर्गात बसल्या जागी घाम फुटणारा विद्यार्थी. त्याच्या शेजारच्या बाकावर त्याचा सहाध्यायी मात्र होताच. तोच सोमवारी, तोच मंगळवारी, तोच पुढल्या पावसाळ्यात. बाहेरून येणारी कोणतीही संस्था, तिचे हेतू कितीही निर्मळ असोत, या एका बाबतीत त्या सहाध्यायाची बरोबरी करू शकत नाही. आणि या पुस्तिकेच्या रचनेचा पाया हाच आहे. शिवाय दरड आणि पूर ही उघड दिसणारी संकटे होत. घरातील कर्ते पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला, म्हाताऱ्या आजीच्या हाती घर, औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागलेल्या भावाची नोकरी कधी सुटेल याचा नेम नाही, वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबातला मुलगा दिवाळीनंतर वर्गातून दिसेनासा होतो, ही जी संथ आणि निःशब्द संकटे, त्यांची बातमी होत नाही आणि त्यांच्यासाठी पथकही येत नाही.

या कामाला महाडात एक जुना पूर्वाधार आहे, आणि तो मला विशेष मोलाचा वाटतो. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ साली महाडजवळच्या लाडवली गावचा. वयाच्या अकराव्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊन हा मुलगा महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालावयास गेला, तेव्हा तो महार असल्याच्या कारणावरून शाळेने त्याला प्रवेश नाकारला. अकरा वर्षांच्या मुलाने अशा वेळी काय करावे? रडावे, घरी परतावे, गुरे राखावीत, असेच त्या काळच्या जगाने त्याच्यासाठी लिहून ठेवले होते. त्याने झाल्या प्रकाराची लेखी तक्रार केली. प्रकरणाला वाचा फुटली आणि शाळेला त्याचे नाव दाखल करून घ्यावे लागले. अर्थात इतर मुलांत मिसळून बसण्याचा अधिकार त्या कागदाने त्याला मिळाला नाही, आणि वेगळे बसूनच त्याला शिकावे लागले. कागदाची ताकद आणि कागदाची मर्यादा या दोन्ही गोष्टी या मुलाला एकाच वर्षी कळल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे याच मोऱ्यांनी तरुण वयात जी खटपट केली तीमध्ये आमच्या विषयाचे सारे बीज साठवलेले आहे. महाडच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतून अस्पृश्य माणसे येत, मैलोगणती चालून येत, आणि त्यांना घोटभर पाणी मिळण्याची पंचाईत असे. त्यांच्यासाठी बाजारात चहाचे दुकान निघाले, त्यामागे मोऱ्यांची धडपड होती. दुकानात माणसे टेकू लागली, टेकली म्हणजे बोलू लागली, बोलू लागली म्हणजे गाऱ्हाणी बाहेर पडू लागली: कोणाची जमीन सावकाराने गिळलेली, कोणाला गावकीने वाळीत टाकलेले, कोणाला सरकारदरबारी कशी दाद मागावी तेच ठाऊक नाही. त्यांचे अर्ज तेथेच लिहिले जाऊ लागले. आधी बसायला जागा आणि प्यायला चहा, मग ऐकणारा कान, आणि मग कचेरीत दाखल करावयाचा कागद; हा क्रम कोणत्याही शास्त्रग्रंथातून घेतलेला नव्हता, आणि आज ज्या गोष्टी आम्ही प्रशिक्षणाच्या नावाखाली दोन-तीन दिवसांच्या शिबिरांत शिकवू पाहतो, त्यांचा क्रम याहून अधिक शहाणपणाचा नाही.

चवदार तळ्याची कथा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. परंतु तिच्यातील दोन गोष्टींकडे स्वयंसेवकांचे लक्ष वेधल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिली अशी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच संमत झाला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला होता. असे असून मार्च १९२७ पर्यंत ते दोन्ही ठराव दप्तरात सुखाने पडून राहिले, आणि १९ मार्चला परिषदेसाठी जमलेल्या माणसांकरिता पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागले. हक्क कागदावर मिळणे आणि पाणी ओंजळीत येणे यांमध्ये किती अंतर असते, हे याहून स्पष्टपणे कोठे दिसणार? दुसरी गोष्ट २० मार्चची. तळ्यावरून परतलेल्या माणसांवर गावात हल्ले झाले, डोकी फुटली, आणि प्रतिकाराला आसुसलेला मोठा जमाव आपल्या नेत्याच्या एका शब्दाची वाट पाहत उभा होता; त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी त्या जमावाला आवरले आणि मामला कायद्याच्या मार्गाने नेला. डिसेंबरच्या परिषदेतही, न्यायालयाचा मनाईहुकूम निघालेला असताना, हजारो सत्याग्रही सज्ज असूनही तळ्यावर जाणे त्यांनी तहकूब केले. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. आपल्या बाजूला न्याय असताना, अंगात रग असताना आणि सोबत माणसे असताना थांबता येणे, ही शक्ती उपजत फार थोड्यांत असते. इतरांना ती शिकावी लागते.

सोबत आणि कैफियत ही एकाच कामाची दोन अंगे आहेत आणि ती निराळी केली म्हणजे दोन्ही बिघडतात, हे माझे या प्रस्तावनेतील मुख्य प्रतिपादन आहे. शहरांतील पुष्कळशा महाविद्यालयांत आज असे दिसते की, मनाला धीर देण्याचे काम एका मंडळाकडे आणि हक्कांचे काम दुसऱ्या मंडळाकडे. पहिल्यात मवाळ स्वभावाची मुले जातात, दुसऱ्यात वक्तृत्वाची हौस असलेली. परंतु ज्या मुलीची शिष्यवृत्ती उत्पन्नाच्या दाखल्यावाचून अडकली आहे आणि फी भरली नाही म्हणून जिचे हॉल तिकीट रोखले गेले आहे, तिला दीर्घ श्वास घ्यावयास सांगणे ही एक प्रकारची क्रूरताच होय. उलटपक्षी, ज्या मुलाचे घर दरडीखाली गेले त्याच्या नुकसानभरपाईचा अर्ज हाती घेऊन चार पुढारी विद्यार्थी तहसील कचेरीवर मोर्चा नेतात, घोषणा होतात, छायाचित्रे निघतात, आणि तो मुलगा मात्र त्या गर्दीत मूकपणे उभा असतो, कारण आज आपण कसे आहोत हे त्याला सकाळपासून कोणीही विचारलेले नसते. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ च्या सुमारास ‘आत्मीयता’ या नावाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केले, आणि त्यांच्याकडून केवळ दिलासा देण्याचे काम न घेता सरकारी योजनांचे लाभ मिळवून देण्याचे कामही घेतले. मन आणि पोट यांचा संबंध ज्यांनी ओळखला त्यांनाच अशी योजना सुचते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ‘मानसमित्र’ घडविले तेही याच जाणिवेतून की, भावनिक प्रथमोपचार करणारे माणूस गावात असेल तर आजारी माणसाची भगताच्या दारातली फरपट पुष्कळ कमी होते.

आता प्रत्यक्ष शिक्षणाविषयी. ऐकणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे विधान प्रथम ऐकणाऱ्याला हास्यास्पद वाटते. आणि शिबिराच्या पहिल्या तासाला मुले हसतातही. दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने पाच मिनिटे बोलावे आणि दुसऱ्याने सल्ला देऊ नये, स्वतःची गोष्ट सांगू नये, ‘माझ्या मामाचेही असेच झाले होते’ असे म्हणू नये, एवढेच पथ्य घातले की तिसऱ्या मिनिटाला हसणे थांबते. सल्ला देण्याची आपल्या समाजाला जडलेली सवय इतकी खोल आहे की, दुसऱ्याचे दुःख पुरते कानी पडण्याच्या आधीच आपण त्यावर उतारा सुचवून मोकळे होतो. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा नावाच्या धर्मोपदेशकाने जीव द्यावयास निघालेल्या माणसांना भेटण्याचे काम सुरू केले, तेव्हा त्याच्या दाराशी ताटकळणाऱ्यांना चहा-कॉफी देण्यासाठी काही सामान्य स्त्री-पुरुष मदतीला बसत. थोड्याच काळात त्याच्या ध्यानात आले की, या मंडळींशी बोलून झाल्यावर अनेकांना त्याला स्वतःला भेटण्याची गरजच उरत नाही. त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था वाढली. चहा लंडनातला असो की महाडच्या बाजारातला, माणूस बोलता होतो तो समोरच्याला घाई नसली म्हणजे.

मोठ्या आपत्तीनंतर काय करावे याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली जी मार्गदर्शिका काढली, तिचा सारांश पाहा, ऐका आणि जोडा या तीन क्रियापदांत सांगता येतो. आधी धोका आणि गरज पाहावी, मग ऐकावे, मग त्या माणसाला त्याच्या घरच्यांशी, दवाखान्याशी, शिध्याशी, जेथे मदत असेल तेथे जोडून द्यावे. आपत्तीतून वाचलेल्या माणसाला ‘काय झाले ते सगळे सांग, म्हणजे मन मोकळे होईल’ असा आग्रह करू नये, ही सूचना या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापली आहे, आणि ती तशीच छापली जाणे जरूर होते. अशा जबरदस्तीच्या कथनाने बरे वाटण्याऐवजी पुष्कळदा त्रासच वाढतो, हे आता मान्य झालेले आहे; आणि तळियेच्या नावाखाली किती कॅमेऱ्यांनी किती पोरांना तीच घटना पुन्हा पुन्हा सांगावयास लावली असेल, याचा विचार मनात आला म्हणजे संताप आवरत नाही. दुसरी एक सूचना याच्या अगदी उलट दिशेची आहे. समोरचा मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात आहे असे वाटले, तर ते त्याला सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट, ज्या गोष्टीचे नावही कोणी काढीत नाही ती कोणीतरी न दचकता विचारली, याने त्याला सुटल्यासारखे होते. त्यानंतर त्याला एकटे सोडू नये, जवळपास जे घातक असेल ते दूर करावे, वडीलधाऱ्यांना आणि दवाखान्याला कळवावे, आणि केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मराठीतही बोलते, हे ध्यानात ठेवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे आणि त्याच्यावर खटला भरू नये असे म्हटले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने प्रकरण दडपण्याचे काही कारण नाही.

गुप्ततेविषयी मात्र स्वयंसेवकाने आरंभीच खरे बोलावे. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ अशी शपथ त्याने कधीही घेऊ नये. जिवाला धोका असेल तर सांगावे लागेल, हे आधीच कबूल केलेले बरे. शिवाय अकरावी-बारावीची मुले अठरा वर्षांखालची असतात. त्यांच्यापैकी कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कानी आले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर न टाकता देखरेखीच्या प्राध्यापकाने ती तत्काळ आपल्याकडे घ्यावी. या बाहेरची प्रत्येक गोष्ट मात्र स्वयंसेवकाच्या पोटात राहिली पाहिजे. लहान गावात गुपित फुटले म्हणजे सांगणाऱ्याचे शिक्षणच थांबते. मुलगी असेल तर ‘कॉलेजला पाठवून हे काय झाले’ म्हणून दुसऱ्या दिवशी तिचे नाव काढून घेतले जाते.

कैफियतीच्या अंगाचे शिक्षण दिसावयास रुक्ष आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, ‘महाडीबीटी’वरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाने राखून ठेवलेला निकाल, एसटीचा पास, पुरात भिजून गेलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत, ही प्रकरणे एकेकटी क्षुल्लक दिसतात, परंतु यांपैकी एकेका प्रकरणात अडकून शिक्षण सुटलेली मुले या दोन तालुक्यांत ज्याच्या ओळखीची नाहीत असा शिक्षक मला तरी भेटलेला नाही. विद्यापीठ मुंबईस, जिल्ह्याचे ठाणे अलिबागला, म्हणजे पोलादपूरहून शंभराहून अधिक किलोमीटर; एका हेलपाट्यात बापाची एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे जाते, आणि खिडकीपलीकडचा कारकून ‘उद्या या’ म्हणतो तेव्हा त्या ‘उद्या’ची किंमत त्याला ठाऊक नसते. स्वयंसेवकाला येथे वक्तृत्व नको, चिकाटी हवी. अर्ज कोणाच्या नावे करावा, सोबत कोणकोणते दस्तऐवज जोडावेत, त्यांची नक्कल आपल्याकडे कशी ठेवावी, हे त्याला यावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे अर्ज दिल्यावर त्याची पोच तारीख-शिक्क्यासह घेतल्यावाचून त्याने खिडकीपासून हलू नये. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अनेक दाखल्यांना मुदत बांधून दिली आहे आणि ती टळली तर अपिलाची वाट ठेवली आहे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून तीस दिवसांत उत्तर मागता येते. पण ज्याच्याजवळ पोच नाही त्याला यांपैकी कशाचाही उपयोग नाही. १९२४ चा तो ठराव तळ्याच्या काठी आणून उभा करावयास माणसे लागली, त्याच धर्तीची ही माणसे आहेत, आणि त्यांच्या हाती पोचेचा तो लहानसा चिटोरा आहे.

कचेरीत बोलताना ज्याचे काम आहे त्यानेच बोलावे, स्वयंसेवकाने शेजारी उभे राहावे, हा नियम मोडण्याचा मोह फार होतो. स्वयंसेवक चुणचुणीत असतो, त्याला कायदा ठाऊक असतो, आणि कातकरी वाडीतला तो मुलगा साहेबासमोर अडखळतो. मग आपणच बोलून काम उरकावे असे वाटते. काम त्या दिवसापुरते उरकतेही. परंतु पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तो मुलगा पुन्हा कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत उभा राहतो. म्हणून आदल्या दिवशी त्याच्याकडून चार वाक्ये म्हणवून घ्यावीत, आणि खिडकीशी तो अडखळला तर अडखळू द्यावे. एवढा वेळ सरकार नेहमीच आपला घेते, आपण सरकारचा थोडा घेतला तर बिघडत नाही. कारकुनाशी भांडण मात्र काढू नये. तोही बहुधा तीन टेबलांचे काम एका टेबलावर उरकीत असतो, आणि उद्या दुसऱ्याचा अर्ज घेऊन आपल्याला त्याच खिडकीशी जावयाचे असते.

महाविद्यालयाच्या आतील तक्रारींची जात निराळी आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर अंतर्गत समितीवर विद्यार्थी-प्रतिनिधी असावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम सांगतात. येथे स्वयंसेवकाने पुरावे गोळा करणे, जबान्या घेणे, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून समेट घडविणे असले उद्योग करू नयेत. तक्रारदाराला समितीपर्यंत पोहोचविणे आणि निकाल लागेपर्यंत तिला एकटे पडू न देणे, येथे त्याचे कर्तव्य संपते.

स्वयंसेवक निवडावेत कसे? माझा अनुभव असा की, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होणारी आणि प्रत्येक व्यासपीठावर सूत्रसंचालन करणारी मुले या कामाला फारशी उपयोगी पडत नाहीत. ज्याच्याकडे इतर मुले आपण होऊन जातात असा एखादा शेवटच्या बाकावरचा मुलगा, वस्तीच्या गाडीने रोज ये-जा करणारी एखादी मुलगी, वसतिगृहातली थोरली, यांचा शोध घ्यावा. निम्म्याहून अधिक मुली असाव्यात, आणि एकाच जातीची, एकाच आळीची किंवा एकाच पक्षाच्या छायेतली मुले भरली जाणार नाहीत, याची दक्षता प्राचार्यांनी स्वतः घ्यावी, कारण आपल्याकडे मैत्रीच्या सीमा पुष्कळदा आळीच्या सीमांवरूनच जातात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, तेव्हापासून तिचे वर्षाकाठी १२० तास भरून काढण्यासाठी आपण मुलांकडून रस्ते झाडून घेतले, झाडे लावून घेतली. त्यांतले काही तास या कामाकडे वळविले तर योजनेच्या हेतूला बाध येणार नाही. फक्त एक करावे: या कामाचे छायाचित्र काढू नये आणि फलक लावू नये. मदत घेतलेल्या मुलाचा चेहरा फलकावर झळकला की पुढचा मुलगा येत नाही.

आणि स्वयंसेवकाकडे कोणी पाहावयाचे? त्याचे स्वतःचे घरही कदाचित त्याच डोंगराखाली असते. आठवड्यातून एक तास सर्वांनी देखरेखीच्या प्राध्यापकाबरोबर बसावे, कोणावर काय भार पडला ते नावे न घेता बोलावे, आणि ज्याला झेपेनासे झाले त्याला कमीपणा न वाटता महिनाभर बाजूला होता यावे. ही बैठक ज्या महाविद्यालयात नियमाने होणार नाही, त्याने हे काम सुरूच करू नये. ते न करण्याने जितके नुकसान होईल त्याहून अधिक ते अर्धवट करण्याने होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

तसेच, विद्यार्थी मोफत मिळतात म्हणून तज्ज्ञांच्या जागा रिकाम्या ठेवण्याची सोय यातून कोणी काढू नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावयाचा आहे. स्वयंसेवक हा त्या माणसापर्यंत नेणारा रस्ता आहे. रस्ता बांधून ठेवला आणि पलीकडे गावच नाही, अशी थट्टा मुलांशी करू नये. ज्याला औषधाची गरज आहे त्याला औषधच लागते. आई देवाला कौल लावावयास निघाली तर तिला हसू नये, तिच्याबरोबर देवळापर्यंत जावे हवे तर. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र चुकू देऊ नये.

महाड आणि पोलादपूर येथील महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की, हे शिक्षण जूनमध्ये नवे वर्ग भरल्यावर हाती घेऊ नये. पहिल्या वर्षाच्या मुलांतून निवड जानेवारीत करावी, शिबिर फेब्रुवारीत उरकावे, तालुका कचेरी, सेतू केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय ही ठिकाणे मुलांना परीक्षेपूर्वी प्रत्यक्ष दाखवून आणावीत, आणि बंद दाराची एक खोली व वेळापत्रकातला एक तास त्यांच्या नावे लेखी राखून ठेवावा. या मुलखात अडचणी पावसाबरोबर येतात, आणि पाऊस मृगात सुरू होतो. पहिली तुकडी त्याआधी तयार असली पाहिजे.